एक मेची सुट्टी

माझ्या वाढदिवसाला निम्म्या जगाला सुट्टी असते. एक मे. आमच्याकडे महाराष्ट्र दिन, शाळेचा निकालही त्याच दिवशी. पेणच्या शाळेत आमचे गुरुजी प्रगतिपुस्तक हातात देताना म्हणाले होते, "कुठल्या कुठल्या देशांत आज कामगार सुट्टी घेऊन मिरवणुका काढतात. कुठे पोरी खांबाला रंगीत फिती बांधून नाचतात. आणि तू गणितात काठावर पास!"

मला तेवढं पुरलं. मी तसाच धावत खाडीकाठच्या मिठागरावर गेलो. बाबा मीठ ओढत होते. पाऊस यायच्या आत जेवढं निघेल तेवढं काढायचं, त्यामुळे मे महिन्यात मिठागरावर कुणाला मान वर करायला फुरसत नसे. "बाबा, आज जगात सगल्या कामगारांना सुट्टी हाय," मी म्हणालो.

"मंग मिठाला कोनी सांगितलं नाय वाटतं," बाबा म्हणाले आणि पुन्हा वाकले.

पुढे मी रोह्याच्या कंपनीत लागलो. पहिल्याच वर्षी एक मेची भरपगारी सुट्टी मिळाली, तेव्हा मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. आठवडाभर आधी घरी जाऊन बजावून आलो, "यंदा तुमी पन आगरावर जायचं नाय. मी सकाळी येतो. दोघं पेनला हाटेलात जेवू."

बाबा नुसते हसले. ते ऐकतील असं मला वाटलंच नाही.

त्या दिवशी कंपनीच्या गेटवर झेंडावंदन झालं. वाढदिवस म्हटल्यावर मित्रांनी मला कोलाडला जेवायला ओढून नेलं. बाबा कुठे घरी असणार, असं मनाशी म्हणत मी गेलो. खरं सांगायचं तर मला जायचंच होतं.

घरी पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. आई दारातच म्हणाली, "सकाळधरनं दाढी करून, लग्नातला सदरा घालून ओट्यावं बसलं व्हतं. येनाऱ्याजानाऱ्याला सांगत व्हतं, आज आमचा सन हाय. जेवलं पन नाय. आता गेलं आगरावर."

मी बांधावर गेलो. सदरा नीट घडी घालून बांधावर ठेवलेला होता, आणि बाबा बनियनवर मीठ ओढत होते.

"शिफ्ट लागली," मी म्हणालो.

त्यांनी लगेच मान डोलावली. "व्हय, कंपनीला पन मिठासारखीच घाई." वर माझीच समजूत काढली, "राहू दे, पोरा. कामाला नाय म्हनू नये."

ते खोटं मी त्यांच्यासमोर कधीच मागे घेतलं नाही. याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या वर्षी मी भल्या पहाटेच निघालो. घरी पोचेपर्यंत बाबा आगरावर गेलेले होते. मी चिखलातून त्यांच्यापर्यंत गेलो आणि म्हणालो, "चला, आज मी आलोय."

ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. माझ्या नव्या बुटांवरचा चिखल बघून हसले.

"तू जा, जेव. माजी सुट्टी गेल्या सालीच झाली."

बाबा आणखी सात वर्षं मिठागरावर राबले. एक मेला त्यांनी पुन्हा कधीच सुट्टी घेतली नाही.