अण्णांचं पान आणि हेमलताचं नाक

इब्बलूरचा सिग्नल ओलांडेपर्यंत सकवारबाईंच्या पिशवीतलं डुक्कर दोनदा हेमलताच्या साडीला लागलं. तिसऱ्यांदा तिने आपल्याकडची कोबीची पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि चालायची बाजूच बदलली. कोरमंगलाहून दोघी पायीच निघाल्या होत्या. पितृपक्षातली अमावस्या, अर्ध्या शहराला मटण हवं, आणि सर्जापूर रोडवर रिक्षा सोडाच, कुत्रंही पुढे सरकत नव्हतं.

सकवारबाईंचं मराठी घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरातलं. अमावस्येला गेलेल्या माणसाच्या फोटोपुढे त्याच्या आवडीचं पान मांडायचं, त्याला त्या कानडीच शब्द वापरत, एडे. अण्णा, म्हणजे त्यांचे यजमान कृष्णमूर्ती, गेल्यानंतरचं हे पहिलंच. बाकीच्यांचे पितर बकऱ्यावर भागवतात. अण्णांना रविवारी लागे डुकराचं मटण नि कोबी, चिनी धाटणीचं, झणझणीत. विमानाच्या कारखान्याने तेजपूरला धाडलं तेव्हा तिथल्या मेसच्या आचाऱ्याकडून ते शिकून आले, आणि मग बायकोला कधी कढईला हात लावू दिला नाही.

शेजारी राहणाऱ्या पुण्याच्या हेमलताने बारा वर्षं दर रविवारी खिडकी लावून, उदबत्ती पेटवून स्तोत्र म्हटलं. अण्णा बाल्कनीतून सांगत, "वहिनी, आज दोन लावा. मिरची जास्त पडलीय." ती निमूट दोन लावी.

मुलगा यशोवर्धन म्हणाला होता, हॉटेलातून मागवू. त्यावर सकवारबाईंनी ऐकवलं, की बापाने जिवंतपणी कधी डब्यातलं खाल्लं नाही, मेल्यावर काय सुधारणार. पसंत पडलं नाही तर पान सरकवून उठणारा माणूस. इतक्या लांबून येऊन तसाच उपाशी परत गेला तर? हे त्यांनी वाटेत हेमलताला हसतच विचारलं, पण मग घरापर्यंत मटणाची पिशवी छातीशी धरून चालल्या.

घरी हेमलता नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेरच थांबली. कोबीला सुरी लावायची नाही, एवढं सकवारबाईंना बघून ठाऊक होतं. त्यांनी पानं हातानेच फाडली. मटणाचे पातळ काप चरबी सुटेपर्यंत परतले. मग आलं, लसूण, ब्याडगी मिरच्या, सोया सॉस, कोबी, वरून व्हिनेगर. पण कशाचं किती, ते अण्णा बरोबर घेऊन गेलेले. चाखायची सोय नाही, पान मांडायच्या आधी जिभेला लावलं की उष्टं. वासावर जावं, तर करोनाने त्यांचं नाक नेलं ते परत दिलंच नाही. कढईपुढे उभ्या राहून त्या नुसत्या वाफेकडे बघत होत्या.

हेमलताने सवयीने पदर नाकाला लावला. आणि पदरातूनच तिच्या तोंडून निघून गेलं, "अक्का, अण्णांचं कसं थेट घशात जाऊन ठसका लागायचा. हे नुसतं घरात फिरतंय."

सकवारबाईंचा झारा थांबला. त्यांनी वळून तिच्याकडे असं पाहिलं, जणू बाजारात हरवलेलं काही तिच्याच पिशवीत सापडलं.

"हेमा, तो पदर काढ," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं फुकट हुंगलंस ना? मग स्वल्प आत ये. स्तोत्र म्हणायचं तर इथेच म्हण, पण कढईवर वाक आणि मला सांग, ह्यांच्यासारखं झालं का?"