भाडं सांगा की, आप्पा

"फॅमिली हाय का बॅचलर?" शिरूरला खोली बघायला गेलं की पहिला सवाल हाच. फॅमिली म्हटलं की पाणी किती लागतं ते विचारायचे, आणि मग भाडं सांगायचे. ते ऐकलं की आम्ही दोघं गुपचूप चपला घालायचो. जवळच रांजणगावला नुकत्याच कंपन्या आल्या होत्या. बाहेरून आलेली पोरं एकेका खोलीत दाटीवाटीनं राहायची आणि भाडं वाटून घ्यायची. आम्ही ते कोणाशी वाटणार?

आम्ही वडगाव रासाईचे, तेही गावठाणातले नाही, लांब मळ्यातले. नवरा कंपनीतल्या ठेकेदाराकडं लागला होता. शिफ्ट सुटायची तेव्हा एसटी नसायची, म्हणून तो मित्राच्या खोलीवर पडून राहायचा. नवं लग्न आणि नवऱ्याचं तोंड बघायचं ते सुट्टीला! खोली नाही मिळाली तर काम सोडून मळ्यात परत यायचं, असं त्याचं चाललं होतं. मला ते नको होतं. मला आमचं दोघांचं घर हवं होतं, मग ते चार पत्र्यांचं का असेना.

अशात नदीकडच्या बाजूला एक खोली सापडली. वर पत्रा, पण अंगणात नळ, आणि संध्याकाळी वारं असं यायचं की मी उंबऱ्यातच म्हटलं, हीच. घरवाले आप्पा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. सगळं नीट बोलणं झालं. मग त्यांनी विचारलं, "गाव कंचं तुमचं?"

"वडगाव रासाई," मी म्हटलं.

त्यांचा हात शेंगेवरच थांबला. आतली भांडीसुद्धा वाजायची थांबली.

"मग भाड्यानं न्हाई देता यायची," आप्पा म्हणाले.

आम्ही उठलो. तर आप्पा आमच्याआधी उठून दारात आडवे. "अहो, निघालात कुठं? राहायचं तर राहा की."

"भाडं किती?"

"भाडं घ्यायचं न्हाई."

"म्हंजी देताय का न्हाई देताय?" माझी जीभ पहिल्यापासून तिखट. पण आप्पांनी रागबीग काही धरला नाही. "राहा," एवढंच म्हणाले आणि आत निघून गेले. मी नवऱ्याकडं बघितलं, नवऱ्यानं पत्र्याकडं बघितलं.

आम्ही सामान आणलं खरं, पण जीव थाऱ्यावर नव्हता. सासूबाई म्हणाल्या, "फुकट कोण देतंय आजकाल? नीट बघा, त्या घरात काहीतरी वावरत असंल." पगार झाला की नवरा पैसे घेऊन जायचा आणि आप्पा लहान पोरासारखे हात पाठीमागं घ्यायचे. मळ्यातली ज्वारी दिली, ती परत. वाटीभर डाळ दिली, तीही परत, आणि वाटीत वर त्यांच्या शेंगा! शेवटी मी नुसतं विचारायला लागले, "आप्पा, भाडं सांगा की." ते म्हणायचे, "बघू, तुम्ही काळजी नका करू." आणि हे तुम्ही-तुम्ही! बापाच्या वयाचा माणूस माझ्यासारख्या पोरीला अहो-जाहो करायचा. मला तर त्याचीच भीती वाटायची. इतका मान देणारा माणूस एक दिवस मानानंच बाहेर काढील, आणि आपल्याला भांडायलासुद्धा जागा राहायची नाही. घर होतं आणि नव्हतंही. सगळं तळ्यात-मळ्यात.

एकदा भर उन्हात आप्पा आमच्या पत्र्याला खिळे ठोकायला वर चढले. घामानं निथळत खाली उतरले तशी मी तांब्या पुढं केला. "नको, तहान न्हाई," म्हणाले आणि तसेच त्यांच्या दारातल्या माठापाशी गेले. माझ्या डोळ्यांदेखत दोन पेले गटागट प्यायले.

माझं डोकं फिरलं. आमची मेंढरं कधीच गेली, आजोबांच्या काळात, पण लोकांच्या नजरेतली जात नाहीत. मी अंगणात उभी राहून ओरडले, "आमच्या हातचं पानी चालत न्हाई व्हय तुम्हाला? मग तोंडावर सांगा की! फुकटचं घर नको आम्हाला!"

आप्पांनी पेला माठावर पालथा घातला आणि मान खाली घालून रस्त्याला लागले. मावशी मात्र, म्हणजे त्यांची बायको, पदर खोचत माझ्याकडं आली. ती आता भांडणार म्हणून मी कंबर कसली, तर ती माझ्या पायरीवर बसली.

"आमची थोरली तुमच्या गावात दिलीया," ती म्हणाली. "लेकीला मूल होईस्तवर तिच्या घरचं पानी प्यायचं नसतंय. बाकीची माणसं घरापुरतं पाळतात. ह्यांनी आख्खं गाव धरलंय! पानी न्हाई, दाणा न्हाई, पैसा न्हाई."

"मग आम्हाला ठिवलं कशाला?"

"लेकीच्या गावचं माणूस दारातनं माघारी लावलं तर तिला तिथं कोण काय बोलंल? आधीच का कमी बोलतात तिला?" मावशीनं नाक पुसलं. "लई वर्सं झाली गं. त्या नावानं तोंड उघडंना झालेत हे. म्हणून सांगितलं न्हाई तुला."

मी मघाचाच तांब्या हातात धरून उभी.

त्या दिवसापासून तर जास्तच गोंधळ झाला. तिला मूल होत नाही तोवर आमचं घर फुकट. झालं, की भाडं सुरू. आणि ते आवाक्याबाहेरचं निघालं तर पुन्हा चपला घालायच्या. देवापुढं हात जोडायचे आणि मागायचं काय, तेच ठरेना. तिची कूस उजवू दे म्हणायचे, आणि लगेच आत कोणीतरी म्हणायचं, अगं बये, मग तू कुठं जाशील? माझाच मला राग यायचा. रागानं मी ते मागणं पुन्हा, मोठ्यानं म्हणायचे.

बऱ्याच दिवसांनी, सकाळी मी अंगणात भांडी घासत होते. आप्पा बाहेरून आले. टोपी हातात, डोळे लाल. कुठं कोणी गेलं की काय, म्हणून मी घासता घासता थांबले. ते स्वतःच्या घराकडं वळलेच नाहीत. सरळ माझ्या पायरीवर येऊन बसले.

"पोरी," म्हणाले, "पानी आण गं."

अगं म्हणाले! माझ्या हातातलं भांडं सुटलं. राखेच्या हातानंच मी आत पळाले आणि तांब्या भरून आणला. त्यांनी तो तोंडाला लावला तो खाली ठेवलाच नाही. पाणी हनुवटीवरून सदऱ्यात गेलं, तरी पीत होते. मावशी दारात उभी राहून पदरात तोंड घालून रडत होती.

"मुलगी झाली," आप्पा म्हणाले. "बघून आलो, नाकाडोळ्यानं आज्जीवर गेलीया." आणि मग घसा खाकरून ताठ बसले. "आता भाड्याचं बोलू."

त्यांनी आकडा सांगितला. बाजारातला चालू भाव, एक पैसा कमी नाही!

"आप्पा, एवढं न्हाई परवडायचं आम्हाला," मी म्हटलं. मला हसू येत होतं का रडू, ते मला तेव्हाही कळलं नाही.

"मग घासाघीस कर की," आप्पा म्हणाले. "इतकी वर्सं मी काय फुकट थांबलो व्हय? पण आधी आनखी एक तांब्या आण."