मेहरुन्निसा बाईंचं 'हॅव'

मेहरुन्निसा बाईंनी उभ्या आयुष्यात बाभळीवर चढून बसलेल्या पोरांकडूनही पाढे म्हणवून घेतले होते. तेव्हा पडेगावातल्या बायकांना इंग्रजी शिकवणं म्हणजे त्यांना हातचा मळ वाटला. शाळेतून रिटायर झाल्या, नवरा त्याआधीच गेलेला, मुलगा जेद्दाला. घरात बोलायला उरल्या दोन शेळ्या, आणि त्या तर शिस्तीच्या बाबतीत अगदीच वाया गेलेल्या. म्हणून बाईंनी एका संस्थेच्या मागं लागून समाजमंदिरात बायकांचा वर्ग काढला. नातवंडं इंग्रजी शाळेत, आणि शाळेतून फोन आला की आज्या मोबाईल घेऊन शेजारी पळणार. त्यामुळं वर्ग बघता बघता भरला.

'ॲम' आणि 'इज' सुखरूप पार पडलं. गाडी अडली ती 'हॅव'वर.

"आपल्याकडं काय आहे ते सांगायचं, बस्स," बाई म्हणाल्या. "आय हॅव अ हाऊस. हां, गोजरबाई, बोला."

गोजरबाईंनी आधी दाराकडं बघितलं, मग खिडकीकडं. "आय हॅव नो हाऊस."

"या अल्ला! अहो, परवा तुमच्या स्लॅबचं जेवण जेवून आले ना मी?"

"ते दिराचं हाय," गोजरबाई हळूच म्हणाल्या.

द्वारकाबाईंकडं फ्रिज नव्हता. उजमा तर हेल्मेट मांडीवर घेऊन "आय हॅव नो स्कूटी" म्हणाली. मग बाईंना भानगड कळली. मागं कुणी दोघं पेन घेऊन गल्लीत फिरली होती, घरात काय काय आहे ते गोडीगुलाबीनं विचारून गेली होती, आणि त्यानंतर बऱ्याच घरांतलं पिवळं रेशनकार्ड केशरी होऊन स्वस्त धान्य गेलं होतं. तेव्हापासून गल्लीनं कानाला खडा लावला होता. कुणीही विचारो, आपल्याकडं काही नाही.

"मी काय सरकारची माणूस हाय का?" बाई वैतागल्या.

"तुम्ही नाय वो बाई," गोजरबाई म्हणाल्या. "पण भिंतीला कान असत्यात. आन् इंग्रजीत बोललेलं डायरेक वर जातं."

दुखण्यांच्या बाबतीत मात्र बायका मोठ्या दिलदार. "आय हॅव शुगर!" "आय हॅव बीपी!" "आय हॅव टू ऑपरेशन!" अशी चढाओढ लागायची. पण नुसत्या आजारांवर वर्ग किती चालणार? त्यात संस्थेचा निरोप आला. पुण्याहून संस्कृती मॅडम येणार, बायका बोलल्या तर वर्ग राहील, नाही तर बंद. वर्ग बंद म्हणजे पुन्हा ते घर आणि त्या शेळ्या. बाईंना जेवण गोड लागेना.

संस्कृती मॅडम आल्या. पोरगी तरुण, जिभेवर साखर. पण बसल्या बसल्या तिनं पर्समधून पेन काढलं आणि तिथंच सगळा घात झाला. पेन बघताच वर्गाचे चेहरे पाटी पुसल्यासारखे कोरे झाले.

"व्हॉट डू यू हॅव?" तिनं प्रेमानं विचारलं.

"आय हॅव नो फ्रिज." "आय हॅव नो लँड." गोजरबाई तर सगळ्यांच्या वरताण. "आय हॅव नो हजबंड!"

बायकोला न्यायला आलेले साहेबराव दाराबाहेर मोटारसायकलवर बसून तंबाखू मळत होते. 'हजबंड' एवढंच त्यांना कळलं. बायकोनं इंग्रजीतही आपली आठवण काढली म्हणून ते खुशीत हसले.

संस्कृती मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. "मॅडम, यांना कसलं इंग्रजी शिकवताय तुम्ही?" ती बाईंना म्हणाली. "यांना धान्य द्यायला हवं, ब्लँकेटं द्यायला हवीत. वर्गाचा पैसा आपण तिकडं वळवू."

'ब्लँकेट' ऐकताच गोजरबाईंनी पदर आणखी केविलवाणा करून घेतला. बाईंच्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली.

"द्वारकाबाई!" त्या कडाडल्या. "तुमचं मरू द्या. गोजरबाईंकडं काय हाय ते सांगा. शी हॅज?"

द्वारकाबाई म्हणजे वर्गातली सगळ्यात गरीब गाय. पण गोजरबाईंच्या नव्या घराचं सांडपाणी हिच्याच दारात येत होतं. ती सावकाश उठली. "शी हॅज हाऊस," ती म्हणाली. "न्यू हाऊस. शी हॅज टू बफेलो. शी हॅज हजबंड!" आणि दाराकडं बोट केलं. "आउटसाईड!"

"शी हॅज फ्रिज!" गोजरबाई उसळल्या. "डबल डोअर! शी हॅज गोल्ड, इन तांदळाचा डबा!"

"उजमा हॅज स्कूटी!" "उजमा हॅज एसी!" मग कोण कुणाला आवरतंय! साऱ्या गल्लीची इस्टेट इंग्रजीतून बाहेर पडली. 'हॅज'च्या जागी 'हॅव' कुणी एकदाही म्हटलं नाही. बाई अभिमानानं फुलून गेल्या. गलका ऐकून साहेबरावांनी गाडी लांब लिंबाखाली नेऊन लावली.

संस्कृती मॅडम हसून हसून बेजार झाली. "वर्ग चालू राहू द्या, मॅडम," ती म्हणाली आणि पेनाला टोपण लावू लागली.

"आन् ब्लँकेटाचं?" गोजरबाईंनी विचारलं.

निघता निघता संस्कृती मॅडमनं बाईंना सहज विचारलं, "आणि तुम्ही, मॅडम? व्हॉट डू यू हॅव?"

बाईंची नजर तिच्या हातातल्या पेनावर गेली. पेन्शन, स्वतःचं घर, सगळं ओठांपर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. "आय हॅव नथिंग," त्या म्हणाल्या. भीतीनंच म्हणाल्या, पण म्हटल्यावर त्यांना ते खरंच वाटलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"खोटं!" मागून गोजरबाई ओरडल्या. "शी हॅज पेन्शन!"

"शी हॅज टू गोट!" उजमा म्हणाली.

द्वारकाबाई पुन्हा उभी राहिली. थोडा विचार केला. "शी हॅज वी."

बाईंनी पदर डोळ्यांकडं नेला. पण आधी चूक, मग रडणं, हा त्यांचा जुना नियम. "वी नाही, द्वारकाबाई. अस. शी हॅज अस. म्हणा सगळ्या."

"शी हॅज अस," वर्ग म्हणाला.

"पुन्हा."

एवढंसं वाक्य, एकदा म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण संस्कृती मॅडमची गाडी दौलताबाद रोडला लागली तरी बाई ते म्हणवूनच घेत होत्या. शेवटी साहेबरावांनी दारातून डोकं आत घातलं आणि विचारलं, "बाई, आज सुटी हाय का नाय आमच्या मंडळीला?"

"थांबा जरा," बाई म्हणाल्या. "अजून पाठ झालं नाय."