हात न लागलेलं मशीन

त्या प्रकरणाचा विषय निघाला की आजही माझी नजर आधी स्वतःच्या पायांकडे जाते. सत्तरच्या दशकातली गोष्ट. वाशीम तेव्हा जिल्हा झाला नव्हता, आम्ही अकोला जिल्ह्यात मोडायचो. आमच्याकडच्या मालेगावच्या, नाशिकच्या नव्हे, बाजूला एका ठाण्याचा मी अंमलदार होतो. नावं कुणाचीच सांगणार नाही, विचारूही नका.

दिवेलागणीला खबर आली, बुद्धविहारासमोर गाण्याच्या कार्यक्रमात एक माणूस गिटार हातात घेतल्याबरोबर मेला. हवालदाराला घेऊन जीप काढली. मृत तिशीतला, सरकारी कचेरीत कारकून. नागपुरात शिकताना गिटारचा नाद लागला आणि गावात येऊन त्यानं गायन पार्टी उभी केली. शेजारी लोखंडी पेटीतला जुना विलायती ॲम्प्लिफायर होता, काचेच्या व्हॉल्व्हचा. आमच्याकडे त्याला सगळे मशीनच म्हणत. वस्तीत वीज नव्हती म्हणून समोरच्या किराणा दुकानातून वायर ओढलेली. धूळ बसावी म्हणून अंगणात पाणी शिंपडलेलं. पंचनाम्यात बोटांवर तारांचे काळे वळ दिसले. शॉकनं गेला हे सांगायला डॉक्टर लागत नव्हता.

आकस्मिक मृत्यूची नोंद करून प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं. मामला तिथंच मिटला असता, पण सकाळी टपरीवरचा आमचा खबऱ्या आला.

"साहेब, त्याच्या साळ्यानं मारलं त्याले. मशीनची पिन उलटी करून लावली. लोकाईनं पाह्यलं."

साळा म्हणजे मृताच्या बायकोचा सख्खा भाऊ. त्याच पार्टीत पेटी, म्हणजे हार्मोनियम, वाजवायचा. कार्यक्रमाच्या सकाळीच दोघांची चांगली जुंपली होती. पेटी असताना गिटार कायले पायजे, म्हणून हा रुसला होता. एवढं पुरेसं होतं. उचलून ठाण्यात आणला.

"पिन तू उलटी केलीस?"

"होय साहेब, मीच केली."

"कशाला?"

"मशीन घूं घूं करून राह्यलं होतं. असं झालं का पिन फिरवून लावतेत, सारेच लावतेत. आवाज कमीबी झाला. मंग भाऊजीनं चपला काढल्या, बाबासाहेबाच्या फोटोले हात जोडले, गिटार उचलली..."

हवालदार माझ्या कानाशी लागला, "कबुली झाली साहेब, लिहून घेऊ." मी त्याला गप्प बसवलं. इतक्या वर्षांच्या नोकरीत मुद्दाम करणारा माणूस विचारल्याबरोबर होय म्हणताना मी पाहिला नव्हता.

बाहेर लिंबाखाली त्याची बहीण बसून होती. नवऱ्याला माती देऊन थेट ठाण्यात आलेली. आत भाऊ उपाशी होता, तरी तिनं त्याच्यासाठी भाकर आणली नव्हती. मी दिसताच उठली.

"साहेब, येवढंच सांगा. माह्या भावानं मारलं का नाही? सासरी आता मले कोणी नाही. माहेरची वाट ठेवायची का बंद करायची, ते मले ठरवू द्या."

फार वाईट वाटलं.

परत आत जाऊन तिच्या भावाला पहिल्यापासून विचारलं. मशीन कुठून आणलं? घेताना तपासलं नाही का?

"तपासलं नं साहेब. अकोल्याच्या जुन्या बाजारात भाऊजीनं लय वेळ वाजवून पाह्यलं. काही झालं नाही. तिथं गादी हाये, सारे चपला काढूनच बसतेत. भाऊजी काढाले लागले, त दुकानदार म्हणे, राहू द्या, राहू द्या, तुमी कलाकार माणसं."

इथं माझे कान टवकारले. आमच्याकडे चपला घालून वाद्याला कोणी हात लावत नाही. त्यात विहारासमोर तर प्रश्नच नाही. आणि गादीवाला दुकानदार स्वतःहून गिऱ्हाइकाला चपला घालून गादीवर घेतो?

वीज निरीक्षकाला बोलावून मशीन उघडलं. मेन लाइन आणि लोखंडी पेटी यांच्या मधला, वीज अडवून धरणारा कंडेन्सर खराब झाला होता. पिन एका बाजूनं लावली की करंट पेटीत, पेटीतून गिटारच्या तारांत. पायात रबरी चप्पल असली तर फार तर बोटं झिणझिणतात. अनवाणी ओल्या मातीत उभा राहिला तर माणूस संपला.

तेच मशीन आणि गिटार घेऊन मी साध्या वेशात अकोल्याला गेलो. सोबत दोन पंच, तेही गिऱ्हाईक बनून. दुकानदार गोड माणूस. मशीन ओळखलं, मी वाजवून पाहायचंय म्हटल्यावर वायर लावली, मला म्हणाला, "या, चपला राहू द्या." मी काही न बोलता चपला काढल्या, सिमेंटच्या फरशीवर उभा राहिलो आणि गिटारच्या तारांकडे हात नेला.

त्यानं झडप घालून भिंतीतली पिन उपटली. "आधी चपला घाला म्हणतो नं!"

"का बरं?" मी विचारलं.

तो पिन हातात धरून मागे सरकला. पंचांनी सगळं पाहिलं होतं.

ठाण्यात त्यानं फार ताणलं नाही. मशीन झटका मारतं हे त्याला माहीत होतं. ज्यानं त्याला विकलं, त्यानंही चपला घालूनच दाखवलं होतं.

"अरे, मग उघडून एक कंडेन्सर बदलायला काय झालं होतं?" मी ओरडलोच.

"उघडलेल्या मशीनले जाणकार हात लावत नाहीत साहेब. स्क्रूवरचा जुना रंग तसाच लागते. आतून हात न लागलेला माल पायजे सगळ्याईले."

निष्काळजीपणानं मृत्यू, कलम तीनशे चार अ. दुकानदाराला शिक्षा झाली. किती झाली हे सांगायची मला आजही लाज वाटते. साळा तपासातच सुटला होता, पण त्यानं पेटीला परत हात लावला नाही, आणि बहिणीच्या दारात गेला नाही.

निकालानंतर मुद्देमाल मृताच्या बायकोला परत द्यायचा हुकूम आला. मशीन जड, म्हणून मी भावालाही बोलावून घेतलं. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते. फाटकाशी एक ऑर्केस्ट्रावाला येऊन थांबला होता. म्हणाला, "बाई, मी घेतो हे. नाहीतरी तुमच्या काय कामाचं?"

ती तेव्हा लोकांच्या शेतात तण निंदायला मजुरीनं जात होती. तिला गरज नव्हती असं नाही.

"उघडून, नीट करून वापरसान का?" तिनं विचारलं.

"छे, उघडलं का किंमत जाते बाई. मी पाहून घेईन."

तिनं आवारातला एक दगड उचलला आणि भावाच्या हातात दिला.

"फोड."

"मले नाही होत बाई."

"पिन तूच लावली होती नं? मंग फोडबी तूच. दुसऱ्या कोणाच्या घरी नोको जाऊ देऊ हे."

त्यानं फोडलं. व्हॉल्व्हच्या काचा आवारभर उडाल्या आणि तो तिथंच बसून रडला. ऑर्केस्ट्रावाला बायकी खुळेपणा म्हणत निघून गेला. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

पुढे निवृत्त होईपर्यंत प्रत्येक तपासात, कोणाच्या हातून घडलं हे कळलं तरी मी फाइल बंद केली नाही. हे होणार असं आधीच कोणाला ठाऊक होतं, तेवढं शोधत राहिलो. पुष्कळदा असा माणूस सापडला, आणि पुष्कळदा त्याला लावायला माझ्याकडे कलम नव्हतं.

त्या दिवशी काचा गोळा झाल्यावर तिनं पदराखालची शिदोरी काढली आणि भावापुढे ठेवली. मग दोघं एकाच बसनं तिच्या माहेरी गेले.