दोन नावांचा ऊस

कंटाळा आलाय, हे आधीच सांगते. माझं काम गाठोडी सोडायचं. शेतकऱ्याच्या उसाची माहिती कारखान्याकडून XML नावाच्या मजकुरात बांधून येते. आमची वेब सर्व्हिस ते गाठोडं सोडते आणि आतला एकेक जिन्नस जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे कप्प्यांच्या पेटीत, ठरलेल्या कप्प्यात ठेवते. ऊस कोणाचा, गट कुठला, लागण कधीची. दिवसभर हेच. कंपनी पुण्यात, मी भीमेकाठी शिरूर तालुक्यातल्या आमच्या घरात वरच्या खोलीत, आणि खिडकीतून दिसणारा नदीपलीकडचा दौंड तालुका. कारखाना तोच, ज्याला आमचाही ऊस जातो. त्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं.

त्या हंगामात ऊसतोडीचा मेसेज आप्पांच्या मोबाईलवर आला, आबांच्या आला नाही. आबा माझे वडील, आप्पा धाकटे चुलते. घरं दोन, अंगण एक, आणि नदीकडची जमीन अजून सामाईक. अशा उसाची नोंद दोघांच्या नावावर करायची आणि थोरल्याचं नाव आधी लावायचं, ही आमच्याकडची रीत. ती कोणी शिकवत नाही, सगळे तसंच करतात.

आबा चिटबॉयकडं गेले. चिटबॉय म्हणजे गावोगाव फिरून उसाच्या नोंदी करणारा कारखान्याचा माणूस. तो टॅबवर बघून म्हणाला, "आबा, हितं तर आप्पांचं एकट्याचं नाव हाय. तुमचं दिसत न्हाई."

आबा तसेच अंगणात आले. आप्पा गाईला पेंड घालत होते.

"माझं नाव कवा काढलंस?"

आप्पांनी मान वर केली. एक शब्द बोलतील तर शपथ. आबा म्हणाले, "चोर हायस तू," आणि घरात गेले. दुसऱ्या दिवशी शिरूरला जाऊन वाटणीच्या मोजणीची चौकशीही करून आले. चाळीस वर्षं एका मोटारीचं पाणी घेतलेली माणसं. काकी मला म्हणाल्या, "आपलेच दात, आपलेच ओठ. सांगायचं कुणाला?"

मला दोघांचाही राग आला. आबांचा तोंड सोडल्याबद्दल, आप्पांचा तोंड मिटल्याबद्दल. पण आप्पा असलं काही करणार नाहीत, एवढी खात्री होती. मग नाव गेलं कुठं? म्हणून आमच्या गटाचं आलेलं XML उघडून बघितलं. त्यात दोन्ही नावं होती. आधी आबा, मग आप्पा. गाठोडं सोडल्यावर मात्र ऑब्जेक्टमध्ये एकटे आप्पा, आणि मेसेज काय, चिटबॉयचा टॅब काय, सगळं त्या ऑब्जेक्टवरूनच चालतं.

ज्यानं हा कोड लिहिला तो केव्हाच दुसऱ्या कंपनीत गेला. एका उसाला एकच मालक असणार, असं त्या बाबानं धरलं आणि खातेदारासाठी एकच कप्पा ठेवला. पहिलं नाव कप्प्यात बसतं, दुसरं आलं की पहिल्याला उठवून स्वतः बसतं. कुठं लाल अक्षर नाही, तक्रार नाही, प्रोग्राम मुकाट पुढं जातो. आम्ही मान म्हणून थोरल्याला आधी लावतो, म्हणून थोरलाच जायचा. गावोगावचे थोरले भाऊ असे गायब झालेले होते, आणि इकडं चोर सोडून संन्याशाला फाशी.

दुरुस्ती दोन ओळींची. एका कप्प्याच्या जागी हवी तेवढी नावं मावतील अशी सोय करायची, बस. पण ती चालू करायला परवानग्या, मीटिंगा, आणि वर "इतके दिवस तर चाललं होतं ना" हे ऐकून घ्यायचं. जीव मेटाकुटीला आला. शेवटी झालं एकदाचं. आबांच्या मोबाईलवर त्यांच्या नावानं मेसेज आला. मी त्यांना सगळं समजावून सांगितलं.

आबांनी मेसेज पुन्हा उघडून बघितला. "म्हंजी त्यानं काढलं न्हवतं?"

"न्हाई आबा. कोणीच काढलं न्हवतं."

"जा, सांग त्याला."

"तुम्ही जावा की."

"तू जा."

गेले. आप्पांनाही पहिल्यापासून सांगितलं. काकींनी चहा ठेवला.

"कळलं," आप्पा म्हणाले. "नाव मशिनीनं खाल्लं. पर मला चोर म्हनला तो माझा थोरला दादा. तवा मधी कुठली मशीन न्हवती."

मी चहा घेतला आणि अंगण ओलांडून परत आले. आबा दारातच उभे होते.

"काय म्हनला?"

"चहा दिला."

"आन्?"

"चहाच दिला, आबा."