दव पडलं होतं, असं मी लिहिलं

पावसाळ्यात कावीळ झाली. दीड महिन्यात रिपोर्ट स्वच्छ आले. त्यानंतरचे पाच महिने कशाने गेले, ते नेमकं सांगता येत नाही. पलंग खिडकीजवळ होता, मोबाइल हाताशी होता.

आजारापूर्वी मी रोज पहाटे गंगापूर रोडवरून सोमेश्वरच्या दिशेने तासभर चालत असे. त्या फेरीत दिसलेलं एखादं माणूस किंवा एखादी गोष्ट चारशे शब्दांत लिहायची. दर शुक्रवारी ते सदर छापून यायचं. निवृत्तीनंतर वर्तमानपत्राशी तेवढाच संबंध उरला होता. चालणं थांबलं, तसं तेही थांबलं. डॉक्टरांनी फिरायला जायला सांगून बरेच दिवस झाले होते. बायको सकाळी एकदाच बोलायची.

"बूट जपून ठेवलेत. नातवाच्या लग्नात घालणार का?"

फेब्रुवारीत वर्तमानपत्राच्या डेस्कवरून फोन आला. पुरवणी पाहणारी उपसंपादक माझ्याच हाताखाली शिकलेली.

"सर, ती जागा दुसऱ्याला द्या, असं वरून म्हणताहेत. मी सांगितलंय, या शुक्रवारी सर देतील. नाही आलं, तर मला पुढे काही बोलता येणार नाही."

सोमवारी गजर वाजला, तो बंद केला. मंगळवारी बूट घातले, एक जिना उतरलो, घाम फुटला, परत आलो. बुधवारी जाग आली तेव्हा आठ वाजले होते. सदर गेलं तर सकाळी उठायला काही कारणच उरणार नाही, हे स्वच्छ दिसत होतं. ते दिसल्याने उठणं सोपं झालं नाही.

बुधवारी दुपारी घरी बसूनच लिहिलं. रस्त्याच्या कोपऱ्यावर एक म्हातारी पालेभाजी घेऊन बसायची. गिरणाऱ्याकडच्या एका खेड्यातून ती पहिल्या बसने यायची. सदरात ती पूर्वी चार-पाच वेळा आली होती. माझ्या लेखात तिने गाठोडं सोडलं, मेथीच्या जुड्या मांडल्या आणि ती म्हणाली, "दव लय पडलं रातच्याला. जुडी ओली हाय, पाणी मारलं म्हनू नका." पंचवीस मिनिटांत चारशे शब्द झाले. पाठवून दिले. त्या संध्याकाळी कित्येक महिन्यांनी दोन भाकरी खाल्ल्या.

गुरुवारी दहा वाजता पुन्हा फोन.

"सर, भाजीवाल्या मावशी तुम्हाला कधी भेटल्या?"

"काल."

"सर, मावशी दिवाळीच्या आधीच गेल्या. मी तिथूनच भाजी घेते."

मी पलंगाच्या कडेवर बसलो.

"दवाचं वाक्य अगदी त्यांचंच आहे," ती म्हणाली. "म्हणून तर जास्त वाईट वाटलं. मी नवीन असताना एका वाक्याची खात्री करायला तुम्ही मला देवळाली कॅम्पला परत पाठवलं होतं. बसने. भर उन्हात."

"आठवतं."

"चार वाजेपर्यंत पान थांबवते. जाऊन या."

कोपरा घरापासून अर्धा किलोमीटर. पंचवीस मिनिटं लागली. वाटेत दोनदा दुकानांच्या पायऱ्यांवर बसावं लागलं. म्हातारीच्या जागी पस्तिशीची एक बाई बसली होती. तिने मला वर-खाली पाहिलं.

"तुम्ही ते पेपरवाले बाबा ना? मी सून त्यांची. सासू रोज म्हनायची, बाबा दिसत नाय, मेले का काय. अन् तीच गेली आधी."

"काय झालं होतं?"

"ताप. दोन दिवस. दवाखान्यात न्यायचं म्हनलं तर म्हने, आधी मेथी काढून घ्या." तिने रिकामं क्रेट उलटं करून पुढे सरकवलं. "बसा, बसा. पांढरेफटक पडले तुम्ही. हितं काय झालं तर लोक म्हनतील, भाजीवालीनं मारलं."

बसलो. जुड्या ओल्या होत्या. सवयीने विचारलं, दव पडलं होतं का?

"कशाचं दव? पाणी मारलंय. सुकलेली जुडी कोन घेतं? सासूबी मारायची. दव म्हनलं की गिऱ्हाईक गप बसतं."

म्हातारीचं ते दवाचं वाक्य मी पूर्वी दोनदा अवतरणचिन्हांत छापलं होतं. दोन्ही वेळा खात्री केली नव्हती.

घरी पोहोचायला सव्वाबारा झाले. टेबलाशी बसलो. म्हातारी गेली, सून बसते, जुडीवर पाणी मारलेलं असतं. एवढं लिहून झालं आणि पुढे काही येईना. एक वाक्य लिहायचं, ते खरं आहे का असं स्वतःला विचारायचं, खोडायचं. बायकोने ताट आणून ठेवलं, ते तसंच राहिलं.

चारला फोन आला.

"किती झालं, सर?"

"एकशे चाळीस शब्द."

"चारशेची जागा आहे. मावशींच्या जुन्या आठवणी घाला ना थोड्या."

"काल तेच केलं होतं."

पलीकडून कीबोर्डचा आवाज येत राहिला. मग ती म्हणाली, "ठीक आहे सर. दुसरा लेख लावून पान सोडते."

शुक्रवारी त्या जागी, मोडलेली सवय पुन्हा कशी लावावी, यावर एका तज्ज्ञाचा लेख होता. शेवटी लिहिलं होतं की तो आता दर आठवड्याला येईल. तो लेख मी दोनदा वाचला. त्यात चूक सापडली नाही.

शनिवारी सहा वाजता बूट घातले. बायको अंथरुणातूनच म्हणाली, "आता कुठे? आता तर छापणारंही कोणी नाही."

"नाही."

कोपऱ्यापर्यंत पोहोचलो नाही. पहिल्या वळणावर छातीत धडधडायला लागलं. एका बंगल्याच्या कुंपणाला धरून उभा राहिलो आणि श्वास जागेवर आल्यावर परतलो. जिना चढायला बराच वेळ गेला. वर आल्यावर कागद घेऊन वाटेत दिसलेल्या तीन गोष्टी लिहिल्या. तिसरी नीट पाहिली नव्हती, ती खोडली.

दोन उरल्या.