मंगलताईंचं खातं

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. मित्रांना नाही, भावाला नाही. एकदा डॉक्टरांनी विचारलं होतं, झोप का लागत नाही, काही टेन्शन आहे का? तेव्हाही मी ‘शिफ्टमुळे’ असं सांगितलं. आता तुम्हाला सांगतोय. का, ते मलाही नीट ठाऊक नाही.

मी मूळचा पिंपळे गुरवचा. चाकणजवळ म्हाळुंग्याला गाड्यांचे सुटे भाग बनवणारी एक कंपनी आहे, तिथं सुपरवायझर आहे. हाताखाली चाळीसेक माणसं, बहुतेक ठेकेदाराची. सात-आठ वर्षांपूर्वी मला बिटकॉइनचा नाद लागला. जुगार म्हणून नव्हे — निदान मी स्वतःला तसं म्हणत नव्हतो. नोटाबंदीत माझे वडील स्वतःचेच पैसे घेऊन तीन दिवस बँकेच्या रांगेत उभे होते. जमिनीचे पैसे, एक नंबरचे, आणि तरी चोरासारखं तोंड करून. ते माझ्या डोक्यात बसलं होतं. कॅन्टीनमध्ये मी सगळ्यांना ऐकवायचो, ‘भावा, हा पैसा कुणाच्या बापाला गोठवता येत नाही. ना बँक, ना सरकार. कुणाकडे किती आहे ते कुणाला कळत नाही.’ माणसं ऐकायची. सुपरवायझर बोलत असला की माणसं ऐकतातच, नाही का?

थोडे-थोडे करत बरेच जमवले. पण त्यांचं करायचं काय? चाकणच्या बाजारात त्यांनी कोथिंबिरीची जुडीही येत नव्हती. एकदा वाकडच्या एका माणसाकडून जुना लॅपटॉप घेतला आणि त्याला बिटकॉइन दिले, तेवढाच काय तो व्यवहार. बाकी दूध, पेट्रोल, मुलीच्या क्लासची फी, सगळं रुपयात. म्हणजे बिटकॉइन विकायचे, रुपये घ्यायचे. आणि रुपये घ्यायला बँकेचं खातं लागतं. खात्याला नाव लागतं.

माझं नाव मला द्यायचं नव्हतं. सरकारनं मोठा कर बसवला होता, तो भरायची इच्छा नव्हती. माझ्या खात्याचे मेसेज बायकोच्या फोनवरही जायचे, आणि मी किती पैसे यात घातलेत हे तिला माहीत नव्हतं. ही दोन कारणं. ही मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलोय. खरीच आहेत — पण पुरी नाहीत. त्यावर येतो.

कंपनीच्या मागच्या रस्त्याला मंगलताईंची खानावळ होती. लातूरकडच्या. नवऱ्याची तीन बोटं प्रेस मशीनमध्ये गेली, तेव्हापासून तो घरीच. घर त्या खानावळीवर चालायचं. पत्र्याचं शेड, चार लांब टेबलं, आणि वाढायच्या टेबलाजवळ प्लॅस्टिकमध्ये घातलेला क्यूआर कोड. माझी चाळीसही माणसं तिथं जेवायची, कारण मी सांगितलं होतं. नवीन माणूस आला की मी त्याला तिकडेच पाठवायचो. मंगलताई मला ‘सर’ म्हणायच्या आणि माझ्या भाकरीवर तूप घालायच्या. बाकी कुणाच्या नाही.

त्यांच्या खात्यात रोज शंभर ठिकाणांहून पैसे यायचे. त्यात आणखी एका ठिकाणाहून आले तर कोण बघतंय? मी त्या कोडचा फोटो काढला. ॲपवरून बिटकॉइन विकत घेणारा जो कुणी अनोळखी माणूस असेल, त्याला तो फोटो पाठवायचा. त्यानं पैसे टाकले की त्याला बिटकॉइन सोडायचे. ताईंना सांगितलं, गावाकडचा एक मित्र उसने परत करतोय, माझ्या खात्याचा घोळ आहे, तुमच्याकडे येतील, मला रोख द्या.

‘द्या की पाठवून, सर. त्यात काय इचारायचं?’ त्या म्हणाल्या. हातातली कणीकही पुसली नव्हती.

असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी पैसे टाकणारा माणूस चोर निघाला. दुसऱ्या राज्यातल्या कुणा म्हाताऱ्याला फोनवर फसवून त्यानं ते पैसे उकळले होते आणि तेच खानावळीच्या खात्यात टाकले होते. बिटकॉइन घेऊन तो गायब झाला. तिकडच्या पोलिसांनी पैशाचा माग काढला. माग मंगलताईंच्या खात्याशी येऊन थांबला. पुढं रोख होती, आणि रोख माझ्या खिशात.

खातं गोठलं. वादातली रक्कमच नव्हे — सगळं खातं. किराणा, गॅस, शेडचं भाडं, नवऱ्याच्या औषधासाठी बाजूला ठेवलेले पैसे. त्यांना आधी वाटलं, पैसे आल्याचं बोलून सांगणारं मशीनच बिघडलंय. मग बँकेत बोलावलं, आणि त्यांनी मला विचारलं, ‘सर, तुम्ही येता का संगं? इंग्रजीत लिवलंय, मला काय कळतंय त्यातलं?’

मी गेलो. अर्धा दिवस रजा टाकून गेलो. गेलो नसतो तर ताईंनी तिथं काय सांगितलं असतं, हा विचार तेव्हाच डोक्यात होता. पत्र वाचून दाखवलं. समोरच्या साहेबांनी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं, ‘ही रक्कम कुणाकडून आली? एवढं मोठं जेवणाचं बिल तर नसणार.’

ताई माझ्याकडे वळल्या. अगदी सहज. ‘सर, हे तुमच्या मित्राचेच ना?’

आणि मी म्हणालो, ‘नाही ओ ताई. माझा काय संबंध? तुमचा काहीतरी गोंधळ होतोय. मी यांच्याकडे फक्त जेवायला जातो, साहेब.’

आवाज नेहमीचा होता. तुम्हाला वाटेल, खोटं बोलताना आत काही तुटतं वगैरे. तसं काही झालं नाही. एसीचं पाणी एका बादलीत ठिबकत होतं, ते मी बघत होतो.

ताईंनी माझ्याकडे बघितलं. मग पदर सारखा केला आणि साहेबांना म्हणाल्या, ‘मग माझ्याच ध्यानात नसंल.’

त्या भोळ्या होत्या असं समजू नका. चाळीस ताटं कुणाच्या शब्दावर वाढली जातात ते त्यांना पक्कं माहीत होतं. त्या क्षणी त्यांनी हिशेब केला आणि मला वाचवलं. त्यांना वाटलं असेल, सर आत्ता घाबरलेत, मागून काहीतरी करतील.

आठवड्यानं त्यांचा फोन आला. तिकडच्या पोलिसांशी त्या मोडक्या हिंदीत बोलल्या होत्या. ते म्हणत होते, रोख ज्याला दिली त्यानं तसं लिहून द्यावं, पैसे कशाचे आले त्याची नोंद जोडावी. मग वादातली रक्कम तेवढी अडकवून बाकी खातं मोकळं करता येईल. ‘एक कागद लिहून द्या, सर. एवढंच म्हणतेत. तुमचं नाव मी दुसरीकडं कुठं बोलणार नाही.’

मी म्हणालो, बघतो.

विक्रीची नोंद माझ्या फोनमध्ये होती. तारीख, वेळ, सगळं. कागद लिहायला दहा मिनिटं लागली असती. मी लिहिला नाही. त्यांचे फोन घ्यायचं बंद केलं. आणि मग — हे मला सगळ्यात सावकाश लिहावं लागतंय — मी माझ्या माणसांना सांगितलं की त्या खानावळीत पोलिसांचं काहीतरी लफडं आहे, तिथं जेवू नका. पुढच्या चौकातली बरी आहे. ताई त्यांच्यासमोर काही बोलतील ही भीती होती. माणसं नसली की बोलणार कुणापुढं? चार दिवसांत चाळीस ताटं कमी झाली. महिन्याच्या आत शेडला कुलूप लागलं. मी कंपनीच्या बसनं तिथून जायचो तेव्हा दुसऱ्या बाजूच्या खिडकीत बसायचो.

ताई भावाला घेऊन रेल्वेनं त्या राज्यात गेल्या. दोनदा. खातं मोकळं व्हायला आठ महिने लागले, असं नंतर कुणीतरी सांगितलं. माझे बिटकॉइन तेवढा काळ फोनमध्ये सुरक्षित होते. त्यांना कुणी हात लावू शकलं नाही. माझं कॅन्टीनमधलं भाषण अगदी बरोबर होतं.

आता ते राहिलेलं कारण. बिटकॉइन विकणाऱ्यांचा एक ग्रुप होता, मी त्यात होतो. तिथं लोक रोज लिहायचे — अमक्याचं खातं गोठलं, तमक्याला पोलिसांची नोटीस आली. आणि सल्ला द्यायचे, स्वतःचं मुख्य खातं वापरू नका. मी ते वाचलं होतं. पहिल्या विक्रीच्या आधी वाचलं होतं. म्हणजे कुणाचं तरी खातं गोठू शकतं हे मला माहीत होतं, आणि ते माझं नसावं म्हणून मी मंगलताईंचं निवडलं. चूक नव्हती ती. निवड होती. क्यूआरचा फोटो काढताना त्यांनी माझ्या ताटात तूप वाढलं होतं, आणि मी ‘बास’ म्हणालो होतो.

यंदा मुलीच्या ॲडमिशनसाठी ताथवड्याला गेलो होतो, इंजिनिअरिंग कॉलेजात. कागदपत्रांत दुपार झाली, म्हणून तिथल्याच मेसमध्ये जेवायला गेलो. वाढायला मंगलताई होत्या. डोक्याला जाळीची टोपी, ठेकेदाराचा निळा एप्रन. मला मागं फिरता आलं नाही, मुलगी शेजारी होती.

त्यांनी ओळखलं. लगेच. शेजारच्या बाईला म्हणाल्या, ‘हे आमचे चाकणचे सर. माझं खातं बंद पडलं हुतं ना, तवा रजा टाकून माझ्यासंगं बँकेत आले हुते. कोण येतंय एवढं?’

त्यात टोमणा होता का? मी शोधला. डोळ्यांत बघितलं, आवाज परत परत आठवून बघितला. मला सापडला नाही. आणि नसेल तर ते काय होतं, हेही मला कळलं नाही.

मुलगी माझ्याकडे बघत होती. इतक्या कौतुकानं तिनं बऱ्याच वर्षांत बघितलं नव्हतं. ‘बाबा, तुम्ही घरी कधी बोलला नाहीत हे.’

मी म्हणालो, ‘त्यात काय सांगायचं?’ आणि ताट पुढं केलं.